गार्डियनच्या रकान्यात शिरीषदादाचं नाव

जुलैत डार्विन सोडून मेलबर्नला जाणारा माणूस वेडाच असला पाहिजे. आमच्याकडे तेव्हा कोरडे, सुरेख दिवस असतात, दुपारी तीस-एकतीस डिग्री, घामाचं नाव नाही. सगळं मेलबर्न उबेसाठी आमच्याकडे येत असतं आणि मी कपाटाच्या तळातून जाकीट उपसून उलट्या दिशेने निघालो होतो. का? तर माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला, इराला, शाळेची शेवटची दोन वर्षं इंग्लंडच्या बोर्डिंगात काढायची आहेत. तिथे तीनच विषय घेऊन खोलात शिकता येतं, हे तिने स्वतः शोधून काढलं. गणित, फिजिक्स आणि संगीत. पाच ब्रिटिश शाळांचे लोक मेलबर्नच्या एका हॉटेलात मुलाखती घ्यायला येणार होते. म्हणजे इंग्लंडची शाळा निवडायला इंग्लंडला जायची गरज नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

बायको, मंजिरी, हॉस्पिटलमध्ये नर्स. तिचा ड्युटीचा रोस्टर लागला होता. विमानतळावर सोडताना ती म्हणाली, "निखिल, जा. पण तिथे चिडू नकोस."

मी तेव्हाच चिडलेलो होतो. पोरीला जवळ ठेवायला कोणी काही करेना, आणि लांब पाठवायला सगळे पाच-पाच जण हजर!

शुक्रवार. दुपारचं विमान घ्या, साडेचार तास लागतात. जाकीट बॅगेत टाकू नका, हातात ठेवा. मी टाकलं होतं आणि बॅग येईपर्यंत कुडकुडलो. विमानतळावरून बसने शहरात आणि तिथून ट्रेनने क्लेटन उपनगरात. तिकिटाच्या कार्डात आधीच पैसे भरून ठेवा, नाहीतर माझ्यासारखे मशीनशी भांडत बसाल. क्लेटनला माझा जुना मित्र संदीप राहतो. युनीत शिकत असताना मीही इथलाच, आम्ही एकाच घरात राहायचो. स्टेशनवरून त्याच्याकडे चालत जाताना मी इराला माझं तेव्हाचं घर दाखवलं. लाल विटांचं, बैठं, अजूनही पुढे तीन सायकली पडलेल्या.

"विच रूम, बाबा?"

"पहिल्या वर्षी मागची, तिघांत एक. मग पुढची. एकट्याची! बाहेर हॉल आणि हॉलमध्ये सोफा. राजा होतो मी."

तिने फोटो काढला. संदीपने पिठलं-भात केला होता. या प्रवासात मी न चिडता केलेली एकमेव गोष्ट म्हणजे ते जेवण.

शनिवार. हॉटेलचा हॉल, पाच टेबलं, पाच रंगांची ब्रोशरं. प्रत्येकावर हिरवळ आणि त्या हिरवळीवर हसणारी मुलं. तुम्ही जाणार असाल तर प्रश्न लिहून न्या, कारण तिथे समोरची माणसं इतकं गोड बोलतात की विचारायचं तेच राहून जातं. पहिल्या टेबलावरचे गृहस्थ इराकडे न बघता मलाच विचारत होते, की डॅड काय करतात. हॉस्पिटलची मशीनं दुरुस्त करतात, म्हटलं. त्यांचं हसू जरा आखडलं. दुसऱ्या टेबलावर एक बाई म्हणाल्या, काळजी नको, गुरुवारी आमच्याकडे करी असते. माझी मुलगी सकाळी टोस्टवर व्हेजिमाइट लावून खाते, तिला गुरुवारच्या करीचं काय कौतुक? तिथून मी जवळजवळ इराला ओढतच उठवलं. पुढच्या दोन शाळांत संगीतशिक्षक पार्टटाइम निघाले. मनातल्या मनात मी शाळा खोडत होतो आणि खरं सांगतो, बरं वाटत होतं.

पाचव्या टेबलावर पांढऱ्या केसांच्या एक बारक्या बाई होत्या. त्या फक्त इराशी बोलल्या. काय वाजवतेस, कधी कंटाळा येतो, घरची आठवण आली तर काय करशील. इरा म्हणाली, "आय विल क्राय अ बिट, देन प्रॅक्टिस." बाई हसल्या. इराचा चेहरा असा फुललेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. ही शाळा खोडायला मला काही सापडेना.

ते कारण बाईंनीच दिलं. दर तीनेक आठवड्यांनी शनिवार-रविवार वसतिगृह बंद होतं, सत्राच्या मधल्या सुट्टीत आठवडाभर. तेव्हा परदेशी मुलांना तिथे राहणाऱ्या गार्डियनकडे जावं लागतं. तो नसेल तर प्रवेश नाही. अर्जात मी माझ्या चुलतभावाचं, शिरीषदादाचं नाव भरलं होतं. तो इंग्लंडात रेडिंगला राहतो.

"आम्ही त्यांना ईमेल केला होता," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांना याबद्दल काहीच माहीत नाही, असं उत्तर आलं."

इराने माझ्याकडे पाहिलं. कान तापले माझे. हो, विचारलं नव्हतं! सख्खा चुलतभाऊ, त्याला काय विचारायचं? आपल्याकडे भावाचं नाव लिहायला परवानगी लागते का? बाईंनी गार्डियनचं पक्कं करायला दहा दिवस दिले.

संध्याकाळी संदीपच्या स्वयंपाकघरातून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. मी नमस्कार-चमत्कार न करता सुरू झालो, "दादा, ईमेलला असं उत्तर देतात का?" दादा गडबडला आणि फोन वहिनीकडे गेला.

"भावजी, तुम्ही मला विचारलंत का?"

"वहिनी, विचारायचं काय त्यात? आपलीच मुलगी आहे."

"हो ना. अमेयही आपलाच होता." अमेय म्हणजे वहिनीचा धाकटा भाऊ. "क्लेटनला शिकायला आला होता. खोली मिळेपर्यंत दोन आठवडे ठेवून घ्या, म्हणून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, घराच्या लीजमध्ये पाहुणा बसत नाही. तो प्रवाशांच्या हॉस्टेलात बारा अनोळखी लोकांत झोपला आणि पहिल्याच रात्री त्याचा लॅपटॉप गेला. मी तुमच्याकडे हक्क सांगितला नव्हता, विनंती केली होती."

मी म्हणालो, लीजमध्ये खरंच बसत नव्हतं. वहिनी म्हणाली, मग आमच्याकडेही बसत नाही. फोन ठेवल्यावर संदीपवर ओरडलो, "अठरा वर्षांपूर्वीचं कोणी काढतं का?"

संदीप भांडी घासत म्हणाला, "बसत होतं रे. माझा मावसभाऊ महिनाभर त्याच सोफ्यावर नव्हता का?"

इरा दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

रविवार. डँडेनॉन्गच्या देशी बाजारात ट्रेनने जा, गाडी नेऊ नका. फॉस्टर स्ट्रीटवर पार्किंगवरून मी एका म्हाताऱ्या सरदारजींशी हुज्जत घातली, तीही संदीपची गाडी घेऊन. बाकी बाजार झकास. डार्विनला न मिळणारी भाजणी मिळाली, मंजिरीने सांगितलेल्या बांगड्या मिळाल्या. मिठाईच्या दुकानात ताजी जिलबी तळत होते, ती उभ्यानेच खा. पाचच्या सुमाराला मी बिल देऊन वळलो तर इरा नाही. पंचवीस मिनिटं मी साड्यांच्या दुकानांतून नावाने हाका मारत फिरलो. शेवटी ती कोपऱ्यावरच्या बाकावर सापडली, फोन मांडीत, नाक लाल.

"सांगून जाता येत नाही? इथे असं, तर तिथे काय करणार तू?"

"सॉरी," एवढंच म्हणाली. परतताना गाडीत आणि सोमवारच्या विमानात मी तिच्याशी बोललो नाही. ढगांवरून चार तास मी वहिनीला, दादाला, त्या शाळेला आणि शाळा बंद ठेवणाऱ्या सगळ्या ब्रिटिशांना मनात शिव्या दिल्या. त्याच्या खाली एक गोष्ट होती, ती लिहितो कारण लाज वाटली तरी खरी आहे. वहिनी नाही म्हणाली म्हणजे पोरगी घरी राहणार होती. मला वहिनीचा राग आला होता आणि तिने शब्द बदलू नये असंही वाटत होतं.

घरी. गुरुवारी मी कामावरून आलो तर शाळेचा ईमेल. गार्डियनची संमती मिळाली, पालकांनी सही करावी. खाली वहिनीचं नाव.

"इरा! हे काय आहे?"

ती चेलो ठेवून बाहेर आली. "मी काकूला कॉल केला. डँडेनॉन्गमध्ये."

"काय बोललीस?"

"विचारलं. काकू, मी येऊ का? नाही म्हणालात तरी चालेल, मी रागावणार नाही. आणि अमेयमामाचं सॉरी म्हटलं." थांबून म्हणाली, "मग ती रडली. देन आय क्राइड."

"त्याचं सॉरी तू कशाला म्हणायचं?"

"बिकॉज यू वोन्ट, बाबा."

मंजिरी युनिफॉर्ममध्येच टेबलाशी बसली होती. तिने प्रिंट काढलेला फॉर्म आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी सही केली. इतकी जोरात की खालच्या कागदावरही उमटली.

"आर यू हॅपी फॉर मी?" इराने विचारलं.

"नाही. राग आलाय."

"कुणाचा?"

दादा, वहिनी, शाळा, सरदारजी, सगळ्यांची पाळी येऊन गेली होती. मी संदीपला मेसेज केला, अमेयचा नंबर कुणाकडे असेल तर शोधून पाठव. मग सप्टेंबरात रेडिंगला किती थंडी असते ते बघितलं आणि माझं जाकीट तिच्या बॅगेत ठेवलं.