बाजूच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या ह्यांच्या उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या आधी झिजतो. चांभाराला आता सवय झाली आहे. तो एकाच बुटाला नवा तळ लावून देतो आणि वर विचारतो, "काय मास्तर, दुसरा पाय सुट्टीवर असतो का?" हे हसत नाहीत. हे गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ गाडीत बाजूच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक बसवलेला असतो, शिकवणाऱ्यासाठी. शिकणारा गोंधळला की हे तो दाबतात. माणसाचं उभं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं.

सगळे ह्यांना 'सावकाश मास्तर' म्हणतात, कारण तोंडात दुसरा शब्द नाही. मी गरम पातेलं उचललं तरी सावकाश, जिना उतरले तरी सावकाश. आमच्या लेकीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा घरातले सगळे टाळ्या पिटत होते आणि हे तिच्या मागे हात पसरून वाकून चालत होते, "सावकाश, सावकाश." माणूस भित्रा आहे. माझा नवरा आहे म्हणून मी म्हणते, तुम्ही म्हणू नका. इतक्या वर्षांत ह्यांच्या गाडीला साधा ओरखडाही आला नाही, कारण ह्यांनी तो येऊच दिला नाही.

लेक मोठी झाली, रक्त तपासायचं शिकली आणि तिला महामार्गावरच्या नव्या दवाखान्यात नोकरी लागली. बस दवाखान्याच्या बरीच अलीकडे सोडते, पुढे काही मिळेल तर मिळेल. जेवताना तिने सांगून टाकलं, "बाबा, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय. एक छोटी, परवडणारी गाडी बघू या. रोज मीच चालवीन."

ह्यांचा घास हातातच राहिला. गाडी ह्यांनीच तिला शिकवली होती, शिकाऊ गाडी तिला दर सुट्टीत द्यायचे, पण शेजारी बसून. रोज, एकटी, त्या ट्रकांच्या मधून? मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, "मग बघू या की. तुम्ही पारखा. तुमच्याइतकं कोणाला कळतंय?"

ते बोलून मी फसले. ह्यांनी गाड्या पारखायला सुरुवात केली आणि मला रस्त्यावरचा माणूस करून टाकलं. म्हणजे असं, की शोरूमच्या आवारात मी भर उन्हात उभं राहायचं आणि हे गाडीत बसून बघायचे, पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाआड मी लपते का. "एक पाऊल पुढे. आता मागे. बघ, गेलीस. अख्खी बाई गेली!" झालं, ती गाडी बाद. दुसरीचे आरसे हातात धरायच्या आरशाएवढे. तिसरी वजनाला इतकी हलकी, की शेजारून ट्रक गेला की डुलायची. चौथीत मागची काच म्हणजे टपालपेटीची फट. एकीचा हॉर्न वाजवून हे माझ्याकडे वळले, "हे ऐकून कोण बाजूला होईल? शेळी शिंकली वाटेल."

रंग कुठला, गाणी कशी लागतात, हे कोणी विचारलं नाही. शोरूमची पोरं आम्हाला बघून पाणी प्यायला निघून जायला लागली. लेक आधी हसायची, मग गप्प झाली, मग एक दिवस गेटाबाहेर भडकली. "बाबा, तुम्हाला गाडी नापास करायची नाहीये. तुम्हाला मला घरी बसवायचंय." हे म्हणाले, "तसं नाही गं." पण आवाजात दम नव्हता.

आणि मग ती गाडी आली जिच्यात खोट काढता येईना. छोटीशी, पण जमिनीला धरून चालणारी. खांब बारीक, आरसे मोठे, सीट वर-खाली होणारी, म्हणून लेकीला बॉनेटचं टोक दिसत होतं. एसी लावून चढावर जरा धापा टाकायची, तेवढं सोडलं तर नाव ठेवायला जागा नाही. पेट्रोलही बेताने पिणारी. तिथला विक्रेता खुशीत येऊन म्हणाला, "काका, पुढे मांडी घालून बसाल एवढी ऐसपैस आहे!" हे खाली वाकून चाकं बघत राहिले. घाबरले की हे चाकं बघतात.

चालवून बघायला निघालो. लेक चालवत होती, हे शेजारी, मी मागे विक्रेत्याबरोबर. गाडी छान पळत होती. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक शाळकरी मुलगी सायकलवरून थेट आमच्या पुढ्यात आली.

मी मागे मधोमध पुढे वाकून बसले होते, म्हणून मला दोघांचे पाय दिसले. आधी ह्यांचा पाय आपटला. धप्प! खाली नुसती चटई होती, तिथे ब्रेक कुठला असायला? आणि लेक? लेकीने मुलीला पाहिलं होतं, माझ्या आधी पाहिलं होतं, आणि तिचा पाय हललाच नव्हता. ती वाट बघत होती. मग हे ओरडले आणि तिने ब्रेक दाबला. गाडी किंचाळून थांबली आणि सायकलचं मागचं चाक बंपरला टेकलं. नुसतं टेकलं. मुलीने आमच्याकडे रागाने पाहिलं, शिवी हासडली आणि निघून गेली.  विक्रेता उगाचच म्हणाला, "ब्रेक चांगले आहेत, बघा." 

घरी आल्यावर हे बूटही न काढता खुर्चीत बसले. लेक समोर उभी. ती म्हणाली, "मला दिसली होती ती, बाबा. मला वाटलं गाडी थांबेल. नेहमी थांबते."

"मी थांबवतो म्हणून थांबते," हे म्हणाले. "तुझ्या आधी मी दाबतो. कायम. तुला थांबायला मी शिकवलंच नाही."

मग ह्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आणि बाकीचे? या गावात निम्मे लोक माझ्या हाताखाली शिकलेत गं. त्यांच्या शेजारी आता कोण बसलंय?"

त्या दिवसापासून ह्यांची पाचावर धारण बसली. रस्त्यावर कुठे कर्कश ब्रेक वाजला की हे खिडकीशी. भाजीवाला, बँकेतली बाई, औषधांच्या दुकानातला म्हातारा, ओळखीचा कोणीही गाडीतून गेला की तो दिसेनासा होईपर्यंत हे बघत राहायचे. शिकवायला गेले तर पाय उचलून ठेवायचे, मग घाबरून परत ब्रेकवर आणायचे. घरी येऊन म्हणाले, "आपण ती गाडी नको घेऊ या. मी दवाखान्याशी बोलतो, जवळ कुठे काही..."

मला असा संताप आला! "गाडीची भीती वाटते का पोरीची? का ती तुमच्याशिवाय थांबायला शिकेल याची?" मी म्हटलं. माझ्या तोंडून गेलं खरं, आणि ह्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. पण परत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी गोदामामागच्या मोकळ्या मैदानात आमची वरात. लेक शिकाऊ गाडी चालवायची आणि मी कडेला उभी राहून अचानक तिच्यापुढे रिकामी खोकी फेकायची. रस्त्यावरच्या माणसापासून माझी खोकेफेकीवर बढती झाली. पहिली खोकी तिने पार चेचली, आणि प्रत्येक वेळी मी कान झाकायची, कारण खोकं चेचताना आवाज फार वाईट येतो. खरी अडचण ह्यांची होती. शेजारी बसले की पाय आपोआप ब्रेकवर. "नाही दाबणार" म्हणायचे आणि दाबायचे. मला त्या विक्रेत्याचं बोलणं आठवलं. मी दार उघडून म्हटलं, "घाला मांडी."

"काय?"

"मांडी घाला. सीटवर. पट्टा लावा आणि मांडी घालून बसा."

बसले. शिकाऊ गाडीत जागा कमी, गुडघा दाराला घासत होता. पण खोकी वाचायला लागली. एक, मग पुढची, मग सगळीच.

आठवड्याने त्या छोट्या गाडीत पुन्हा बसलो. या वेळी महामार्ग. हे पुढे मांडी घालून, दोन्ही हातांनी स्वतःचे घोटे घट्ट पकडून. विक्रेत्याने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शहाणपणाने आपला पट्टा लावून घेतला. मी जीव मुठीत धरून होते. दोन्ही बाजूंनी ट्रक, मध्ये ही एवढीशी गाडी आणि तिच्यात माझं सगळं घर. पुढचा ट्रक मागचे दिवे न पेटताच एकदम थांबला. ह्यांची मान ताठ झाली, घोट्यांवर बोटं रुतली, पण तोंडातून 'सावकाश' आलं नाही. मी डोळे मिटले. गाडी सरळ रेषेत थांबली. डोळे उघडले तर ट्रक आणि आमच्यामध्ये एक मोटारसायकल आरामात उभी राहील एवढी जागा होती.

"पाय सोडा आता," मी म्हटलं.

"मुंग्या आल्यात," हे म्हणाले.  गाडी त्याच दिवशी ठरली.

लेक पहिल्यांदा एकटी कामाला निघाली तेव्हा हे गेटापर्यंत गेले, चाकं पाहिली, परत आले आणि खुर्चीत मांडी घालून बसले. चहा ठेवला, घेतला नाही. वर्तमानपत्र दिलं, उघडलं नाही. मी ओट्याशी उभी होते आणि भांडी घासता घासता माझ्या लक्षात आलं, की मी, जिने कधी स्टेअरिंगला हात लावला नाही ती, उजव्या पायाने फरशी दाबून उभी आहे.

फोन वाजला. ह्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"पोचले बाबा. वाटेत एक कुत्रा आडवा आला."

हे फोनवर वाकले. "मग?"

"मग काय, ब्रेक दाबला. कुत्रा गेला."

 ह्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "तेव्हा माझी आठवण आली?"

"नाही हो बाबा. तेवढा वेळच नव्हता."

"छान," हे म्हणाले, "छान झालं." फोन ठेवला, मांडी सोडली आणि खुर्चीचा हात धरून उठायला लागले. पाय बधिर झाले होते. मी धावत जाऊन ह्यांना धरलं.

"सावकाश," मी म्हटलं.