वहिनींची हाक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतोय, पण आधी अश्विनीबद्दल सांगू द्या – ते मला सोपं जातं.

अश्विनी आमच्या समोरच्या घरातली. लहानपणी माझ्या फोटो स्टुडिओत येऊन बसायची. कॅमेरा पहिल्यांदा मीच तिच्या हातात दिला. पंचगंगेचा महापूर गल्लीत शिरला तेव्हा ती पुण्यात शिकत होती. त्या पुरात तिची आई गेली.

पुढं तिनं एक विलक्षण काम केलं. गल्लीतल्या घराघरांतून भिजलेले फोटो गोळा केले. माझ्यासारख्यानं ते कॉम्प्युटरवर दुरुस्त केले असते. ती म्हणाली, ‘‘डाग पुसू नका काका. पाण्यानं काय नेलं ते दिसू दे.’’ मग ज्याचा फोटो त्याच्या हातात देऊन, त्यातला पुसलेला चेहरा कसा होता ते तिनं त्याला कॅमेऱ्यासमोर सांगायला लावलं. तिच्या आईच्या फोटोत साडीचे काठ तेवढे उरलेत, वर नुसता पिवळा डाग. तो फोटो हातात धरायला तिनं मला बसवलं. लग्नाचे अल्बम करण्यात माझा जन्म गेला, पण माणसाच्या गप्प बसण्याचंही चित्रण करता येतं, हे मला या पोरीनं शिकवलं.

कॅमेरा चालू असतानाच, बोलता बोलता तिनं विचारलं, ‘‘काका, आईनं हाक मारलेली का ओ?’’

‘‘न्हाय गं बाळ. पाण्याचा आवाजच एवढा हुता.’’

खोटं. हाक आली होती.

घरच्यांना मी आधीच कागलला पाठवलं होतं. बचावाची नाव माझ्या दाराशी आली तेव्हा दोनच माणसांची जागा उरली होती. माझ्याजवळ कॅमेऱ्यांच्या दोन मोठ्या बॅगा होत्या. त्या सोडल्या असत्या तर वहिनी, म्हणजे अश्विनीची आई, बसल्या असत्या – दम्याच्या बाई, समोरच्या माळ्यावर एकट्या. खिडकीच्या गजांना धरून ओरडत होत्या, ‘‘भावजी, मी हाय हितं!’’ इंजिनाच्या आवाजात नाववाल्याला ऐकू गेलं नसावं. त्यानं मला विचारलं, ‘‘आनि कोन हाय का?’’

मी बॅगा आत ठेवल्या. म्हणालो, ‘‘न्हाय. सगळी गेली. चला.’’

वळून पाहिलं का? – पाहिलं. त्याही माझ्याकडंच पाहत होत्या. ओरडायच्या थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाण्याची ओढ कमी झाल्यावर नाव तिथं पोचली, तेव्हा उशीर झाला होता.

अश्विनीची ही फिल्म कोल्हापुरात दाखवली तेव्हा हॉल भरला होता. माझ्या त्या ‘न्हाय’नंतर तिनं बराच वेळ आवाजच ठेवला नाही, पडद्यावर नुसता माझा चेहरा. शेजारची बाई रडत होती. मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार. कुणाला कळलं नाही.

खेळ संपल्यावर अश्विनी आली, माझ्या पाया पडली. म्हणाली, ‘‘तुम्ही सांगितलासा म्हणून मला झोप लागाय लागली, काका. हाकच मारली न्हाय, म्हंजे झोपेतच गेली आसंल न्हवं आई?’’

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

‘‘व्हय बाळ,’’ म्हणालो. ‘‘झोपेतच.’’