पायाळू

भाचीची मुलगी पायाळू. पोटात डोकं वर करून बसली होती आणि जगात आली तीही पायांनीच. अशा बाळांचे खुबे कधीकधी सैल असतात, म्हणून डॉक्टरांनी दीड महिन्यानं सोनोग्राफी करायला सांगितली होती. काल मी सोबत गेले.

आमच्याकडे पायाळू म्हटलं की लोक पाठ पुढे करतात. पायाळूचा पाय लागला की उसण जाते म्हणे. भाचीच्या सासूबाई तर बारशापासून कंबर धरून वाट बघताहेत. एवढ्याशा पायांकडून आपण काय काय मागतो! ते पाय कमरेत नीट बसलेत का, हे मात्र कुणाच्या मनातही येत नाही.

पडद्यावर खुब्याच्या करड्या वाटीत मांडीच्या हाडाची करडी गोळी दिसली. "डावी वाटी जराशी उथळ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही आठवडे पाय धरून ठेवणारा पट्टा लावू. अजून सगळं कोवळं आहे, भरून येईल."

भाचीचे डोळे भरले. मला मात्र त्या 'कोवळं' शब्दाचा केवढा आधार वाटला. आमच्या आळीतल्या सुमनमावशी जन्मभर एका अंगाला झुकत चालल्या. त्या कोवळ्या होत्या तेव्हा त्यांच्या खुब्यात कुणी डोकावलंच नव्हतं.

डॉक्टरबाई सोनोग्राफीचं जेल पुसत होत्या, तेवढ्यात बाळानं त्यांच्या हातावर सणसणीत लाथ झाडली.

"पायाळू आहे हो," मी म्हटलं.

दिवसभर वाकून दमलेल्या डॉक्टरबाई हसल्या आणि चक्क पाठ वळवून उभ्या राहिल्या.

"मग पट्टा लागायच्या आधी एक इथे दे गं!"