फाटकावरचं लाल लुगडं

चाळीसगावला लीलाधरशेठच्या सरकीच्या तेल मिलमध्ये मी वजनकाट्यावर होतो आणि वना बॉयलरवर फायरमन होता. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला की शेठची छाती फुगायची. सरकीच्या गाड्या घेऊन येणारे लोक दोन कोसांवरून धूर बघायचे आणि मिल जोरात आहे म्हणून इकडे वळायचे. धूर फिका पडला की शेठ ओरडायचा, "वना, झोपलास काय?" मग वना फावड्यानं कोळशाचा ढीग भट्टीत लोटायचा.

त्यात काय चुकतं, हे वनाला पक्कं ठाऊक होतं. काळा धूर म्हणजे न जळता उडालेला कोळसा. पण सांगणार कोण?

सत्त्याऐंशीच्या चैत्रात सांगावंच लागलं. मिलमागच्या गल्लीत घरांच्या धाब्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत होते. एका दुपारी वारा फिरला आणि सगळे बिबडे काजळीनं बरबटले. बायका परात घेऊन फाटकावर आल्या. पुढे होती वनाची बायको, भागाबाई.

"हाई देखा! तुमना धूरनी मना बठ्ठा बिबडा काया करी टाकात. गल्लीमा तोंड कसं दाखाडू मी?"

वना खाली मान घालून उभा राहिला. मला त्याची कीव आली आणि थोडं हसूही आलं, खोटं कशाला बोलू. मग तो तसाच शेठकडे गेला.

"शेठ, आठ दिन जुनी रीत, आठ दिन मनी रीत. बठ्ठा कोयसा काट्यावर मोजा. मना आठ दिनमा कमी नही लागना, तर मी घर जास."

घरी चार तोंडं खाणारी, आणि हा गडी नोकरी पणाला लावून मोकळा! मी त्याला बाजूला घेऊन चांगला झापला. त्यानं माझ्या हातात खडू दिला. तेलाच्या प्रत्येक पिपामागे किती घमेली कोळसा लागला, त्याच्या रेघा मी भिंतीवर मारायच्या होत्या.

जुन्या रीतीनं पिपामागे नऊ घमेली लागली. दुसऱ्या आठवड्यात वनानं ढीग लोटणं बंद केलं. हवेची झडप उघडी ठेवून थोडा थोडा कोळसा तो पातळ पसरायचा, त्यासाठी दिवसभर भट्टीसमोर उभा राहायचा. धुराड्यातून नुसती राखाडी रेघ निघायची.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. गिरडकडच्या दोन गाड्या धूर न दिसल्यानं परस्पर दुसऱ्या मिलला गेल्या. शेठ लालबुंद झाला. "कोळसा वाचवून मिल बंद पाडतोस काय? उद्यापासून काळा धूर, नाहीतर तू नाही!"

वनानं घरी जाऊन झालेलं सांगितलं. भागाबाईनं सगळं ऐकलं, ट्रंकेतून आपलं लाल लुगडं काढलं आणि सकाळी स्वतः येऊन फाटकावरच्या उंच बांबूला बांधलं. "मिल चालू शे तवर हाई फडकी. सांगा बठ्ठासले."

त्याच दुपारी बाजारभर बातमी झाली. गाड्या लुगडं बघून वळू लागल्या, आणि शेठनं काळ्या धुराचं नाव काढणं सोडलं.

आठव्या दिवशी शेवटचं घमेलं शेठनं स्वतः काट्यावर चढवलं. भिंतीवरच्या रेघा त्यानं दोनदा मोजल्या. पिपामागे सात! मी तर खडू फेकून वनाला मिठीच मारली. गल्लीत धाब्यांवर नवे बिबडे पांढरेशुभ्र वाळत होते, आणि भागाबाईनं पहिला भाजलेला बिबडा शेठच्या हातावर ठेवला.

वनाचं समाधान मात्र झालं नव्हतं. "धूर कमी झाया, सरना नही," तो म्हणाला. उरलेल्या धुराची भरपाई म्हणून तो दर महिन्याच्या कोळशामागे एक कडुलिंब लावू लागला. रोपं पावसाळ्यात एकदम बारा लावायचा, मेलेलं झाड मोजायचा नाही, पुन्हा लावायचा. आज याला कार्बनचा हिशेब म्हणतात. आमच्याकडे तो खडूनं व्हायचा.

सत्त्याण्णवमध्ये धूर मोजायला एक साहेब यंत्र घेऊन आले. तोवर कुंपणाशी शंभरावर लिंब उभे होते. साहेबांनी धुराड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि वैतागले. "मिल बंद असताना मला कशाला बोलावलंत?"

वनानं फाटकाकडे बोट केलं. तिथं भागाबाईचं चौथं लुगडं वाऱ्यावर फडफडत होतं.

"मिल चालू शे, साहेब," वना म्हणाला.