तो वार की ती वार?

आधीच सांगून ठेवते, अंगारे-धुपारे, भानामती असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. जन्मभर मराठी शिकवलं... वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की त्यालाच उभं करून व्याकरण विचारायचे. तरी हे लिहितेय.

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. श्रीगोंदा तालुक्यात काष्टीला माझी नुकतीच बदली झाली होती. पहिला मुलगा सिझेरियनने झालेला, आणि आता दुसऱ्यांदा दिवस होते. या खेपेला बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातून करायचं ठरलं होतं. सासूबाईंना पोट फाडण्याची भारी धास्ती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

सातव्या महिन्यात आठवडी बाजारात त्यांनी मला हिरव्या बांगड्या भरायला बसवलं आणि स्वतः पलीकडे मिरच्या बघायला गेल्या. कासारीण माझा हात दाबून बांगडी चढवत होती, माझी नजर मनगटावर. तेवढ्यात अगदी कानाशी आवाज आला — "वार सुटायची न्हाई. नगरला जा."

घरी जाताना मी सासूबाईंना कासारणीचं बोलणं सांगितलं.

"वार सोडायचा न्हाई, आसं म्हनली आसंल," त्या म्हणाल्या. "मागल्या गुरवारी उपास मोडलास न्हवं? त्येच."

"नाही हो आत्याबाई, 'सुटायची' म्हणाली. उपासाचा तो वार. त्याला 'सुटायची' कोण म्हणेल?"

सासूबाई रस्त्यातच थांबल्या. बाळामागून पडते तीसुद्धा वारच... ती वार! त्यांच्या थोरल्या बहिणीची सुटली नव्हती. ती बाळंतपणातच गेली.

घरात पाऊल टाकताच त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "सुईन-बिईन काय न्हाई. नगरला न्यायाचं हिला. फाडू दे पोट, माजी सून जगली पायजे."

नववा लागताच आम्ही नगरच्या दवाखान्यात जाऊन राहिलो. "हिची वार सुटायची न्हाई" म्हणून सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचं डोकं खाल्लं, रक्ताची सोय आधीच करायला लावली. तेव्हा कुठली सोनोग्राफी! पोट उघडल्यावरच दिसलं — जुन्या टाक्यांच्या जागी वार गर्भाशयात रुतून बसली होती. गर्भाशय काढावं लागलं, पण मी वाचले, मुलगी वाचली. घरी असते तर दोघी गेलो असतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अशी सासू मिळाली याचा मला आजही अभिमान आहे.

हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही लुगडं घेऊन कासारणीकडे गेलो. तिने ते डोळ्यांना लावलं, हसली. मी विचारलं, "तुम्हाला कसं हो कळलं?"

शेजारची लसूणवाली म्हणाली, "अवो बाई, तिला काय इचारता? ती जन्माची मुकी हाय."

आज तीच मुलगी सोनोग्राफी करते. रुतलेली वार पडद्यावर ओळखून बायकांना वेळेत मोठ्या दवाखान्यात पाठवते, तेव्हा माझी मान ताठ होते. ती म्हणते, "आई, तुझ्या मनानेच तुला ऐकवलं असेल."

असेल बाई. पण माझं मन 'नाही' म्हणालं असतं. 'न्हाई' मी वर्गातसुद्धा कधी खपवून घेतलं नाही.