मॅनिफोल्डवरची रेघ

रविवार, पंधरा जून. खर्च एक हजार एकशे चाळीस रुपये: गॅस्केट दोनशे ऐंशी, उष्णता सोसणारा चंदेरी रंग चारशे ऐंशी, थिनर नव्वद, तारेचे दोन ब्रश एकशे चाळीस, पॉलिश पेपरचे सहा ताव दीडशे. हजर तिघं: मी, माझी बायको आणि मिस्त्री. जागा कोल्हारची, आमच्या घरापुढची फरशी.

बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिससाठी श्रीरामपूरला न्यावं लागतं, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. सुरुवातीला आम्ही एसटीने जायचो. परतीच्या वेळी तिला उभं राहवायचं नाही, बसायला जागा मिळाली तरी मान धरवायची नाही. तेव्हापासून आमची जुनी मोटार हेच तिच्या उपचाराचं साधन झालं. अकरा वर्षांपूर्वी ती मी वापरलेलीच घेतली होती.

फेब्रुवारीपासून बायको म्हणत होती, गाडीत धुराचा वास येतो. मला काही यायचा नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं काढली आहेत. मळीच्या वासाने माझं नाक कधीच बोथट झालंय. मी तिला म्हणायचो, आजारपणात वास जास्त जाणवतात. शेवटी जूनमध्ये मिस्त्रीला बोलावलं. इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा बिडाचा एक भाग असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो गंजून लालभडक झाला होता.

"जोडातलं गॅस्केट गेलंय, तिथनं धूर सुटतोय," मिस्त्री म्हणाले. वय पासष्टच्या पुढे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. "उतरवतोच हाय तर गंज काढा, रंग द्या. घासायचं काम तुमी करा, साहेब. मला हायवेवर एक टेम्पो बघायचाय. चार वाजता बसवाया येतो."

"ह्यांना सांगू नका चाचा," बायको खाटेवरून म्हणाली. "किती वेळा घासलं तेही लिहून ठेवतील."

"लिहू द्या भाभी. आमच्या धंद्यात कुनी लिहीत न्हाई, म्हनून तर सगळी भांडनं."

ते गेल्यावर मी घासायला बसलो. गंजाचे पापुद्रे निघत होते, खाली करडं बीड दिसायला लागलं होतं. थिनरने पुसून उन्हात ठेवलं, तेव्हा बायको खाटेवरून वाकून बघत होती.

"अहो, ही रेघ कसली?"

दोन नळ्या मिळतात तिथे केसाएवढी बारीक रेघ होती. मी नख फिरवलं. अडकल्यासारखं झालं, पण नक्की सांगता येईना.

"ओततानाची असेल."

"मग दुसऱ्या बाजूला का नाही?"

रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये वीस मिनिटं, असं डब्यावर छापलेलं होतं. एक वाजून गेला होता. चाचा आले की बसवायला तयार हवं, मंगळवारी श्रीरामपूर गाठायचं होतं. "असू दे," म्हणालो आणि पहिला हात दिला.

चार वाजता चाचा आले. "नवरदेव केलाय की हो!" म्हणाले. तीन हातांच्या रंगाखाली त्यांना तरी काय दिसणार? मीही त्यांना रेघेचं काही बोललो नाही. त्यांनी भाग बसवला. रंग पक्का व्हायला इंजिन दहा मिनिटं, मग गार करून वीस, मग गार करून तीस मिनिटं चालवायचं होतं. ते मी घड्याळ लावून केलं. "दोन-तीन दिस रंग जळल्याचा वास येनार," चाचा जाताना म्हणाले. "घाबरू नका."

मंगळवारी निघालो. प्रवरेचा पूल ओलांडण्याच्या आतच तिने काच खाली केली.

"वास येतोय."

"रंगाचा आहे. चाचा म्हणाले नव्हते का?"

"हा रंगाचा नाही. हा तोच आहे."

"दोन दिवस कळ काढ."

तिने ओढणी नाकाला लावली. बेलापूरच्या अलीकडे तिला उलटी झाली. रुग्णालयात पोचलो तेव्हा रक्तदाब इतका खाली होता की चार तासांचं डायलिसिस अडीच तासांतच थांबवावं लागलं. ती आत असताना मी बाहेर येऊन बॉनेट उघडलं. चंदेरी रंगावर, तिने दाखवलेल्या जागीच, काजळीची काळी रेघ उमटली होती.

मी तिच्या उपचाराची वही ठेवतो. तारीख, जाण्याआधीचं वजन, आल्यानंतरचं वजन, रक्तदाब, शेरा. तिथेच पायरीवर बसून ती उघडली. फेब्रुवारीपासून शेऱ्याच्या रकान्यात एकसारखं लिहिलेलं: डोकं दुखलं, मळमळ, उलटी. सगळं जातानाच्या वाटेवरचं, सुई टोचण्याच्या आधीचं. मधे दोनदा शेजाऱ्याच्या गाडीतून गेलो होतो. त्या दोन दिवसांचा रकाना कोरा होता. चार महिने हे सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तिच्या औषधांना दोष देत मी ते लिहीत गेलो.

बुधवारी चाचांनी भाग पुन्हा उतरवला.

"साहेब, ही चीर आजची न्हाई. लई जुनी. गंजानं बुजली हुती, थोडा थोडा धूर सुटत हुता. तुमी घासून साफ केली." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गाडी धुता कशी?"

मी सांगितलं. गल्लीत सगळेच करतात तसं: दर अमावस्येला सकाळी देवळापर्यंत एक फेरी, परत आलं की लगेच बोरच्या पाण्याचा पाइप, मग लिंबू-मिरची. दसऱ्याला हेच, वर झेंडूची माळ.

"बानेट उघडून?"

"इंजिनही धुवायला नको का?"

"तापल्याल्या इंजिनावर?"

मी होकार दिला. चाचा म्हणाले, "लोक टायर धुत्यात, काच धुत्यात. इंजिनाला आंघोळ घालनारा मानूस तुमी पहिलाच. लाल बिडावर गार पानी टाकलं तर ते फुटनार न्हाई तर काय हुनार?"

रात्री हिशोब केल्याशिवाय झोप येईना. अकरा वर्षांच्या एकशे बत्तीस अमावस्या, अधिक महिन्यांच्या चार, अकरा दसरे. एकशे सत्तेचाळीस वेळा. गेल्या दोन वर्षांत, डायलिसिस सुरू झाल्यापासून, तर मी जास्तच काळजीने धुवत होतो, कारण गाडीत ती बसायची. रस्त्यात तिला काही होऊ नये म्हणून बोरचा पाइप मी स्वतः धरायचो.

गुरुवारी चाचांनी चिरेवर वेल्डिंग मारलं. "बीड धरत न्हाई, पन बघू," म्हणाले. गार होता होता टिच् असा आवाज आला आणि शेजारून दुसरी चीर गेली. नवा भाग कंपनीने बनवायचा बंद केलाय. नगरच्या भंगारवाल्यांना चाचांनी माझ्यासमोर पाच फोन लावले. तीन ठिकाणी नव्हता, दोन ठिकाणी होता तो फुटलेला. दुसऱ्या गाडीचा बसत नाही. वेल्डिंगचे पैसे देऊ लागलो तर त्यांनी हात मागे घेतला.

शुक्रवारी गावातली रिक्षा ठरवली. शेजाऱ्याची गाडी पुण्याला गेली होती. स्टीअरिंग हातात असायचं, म्हणून रस्त्याचे खड्डे मला आजवर कळत नव्हते. ती जाताना माझ्या खांद्याला धरून बसली, येताना तेवढंही तिला जमलं नाही. एका हाताने तिला आणि एका हाताने रिक्षाचा दांडा धरून मी आलो. डायलिसिस पूर्ण झालं होतं, रक्तदाब बरा होता, पण घर येईपर्यंत तिचा चेहरा पार उतरला होता.

दारात उतरल्यावर ती भिंतीला टेकली.

"दोनदा हा रस्ता आता माझ्याच्यानं होणार नाही."

"गाडीचं काहीतरी बघतो मी."

"तुम्ही बघाल हो. तोवर आठवड्याला एकदाच."

दोन वेळा हेच कमीत कमी आहे, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. ते तिला माहीत होतं आणि मलाही. माझ्या बोलण्यावर तिने विश्वास ठेवावा, असं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"मंगळवारी किती वाजता येऊ, काका?" रिक्षावाल्याने विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी तीच म्हणाली, "मंगळवारी नको. शुक्रवारी या."

ती आत गेली. मी रिक्षावाल्याला आठशे रुपये दिले.