सत्कार झाले, संशोधन राहिलं

मंडळी, लई डोकं फिरलंय, म्हणून लिहून राहिले.

आज लातूरला आमच्या कॉलेजात इंटर्नशिपचा समारोप होता. मी आणि देगलूरची माझी मैत्रीण स्वाती, आम्ही अख्खा उन्हाळा एका डाळमिलमध्ये काढला. तूर भरडताना एवढा चुरा का पडतो, ते शोधून काढलं. आज ते मिलमालकांसमोर मांडायचं होतं.

पण आधी सत्कार! प्राचार्यांचा, मालकांचा, मालकांच्या मेहुण्याचा, शेवटी सूत्रसंचालकाचाही. शालींचं ताट धरायला आम्ही दोघी.

सत्कार संपल्यावर मी प्राचार्यांना विचारलं, "सर, आमचं सादरीकरण?"

"अगं, आता वेळ कुठंय? पाहुण्यांचं जेवण थंड होऊन राहिलंय."

मालक तोवर हार काढून पंगतीत बसलेसुद्धा. अरे, मग पोरींना मिलमध्ये पाठवता कशाला? ताटं धरायला?

आत्ता कॉलेजच्या पेजवर पोस्ट पडलीय, 'विद्यार्थिनींचे संशोधन सादरीकरण उत्साहात संपन्न.' फोटोत आम्ही आहोत, हातात ताट घेऊन.

खाली चाकूरच्या माझ्या मामांनी लिहिलंय, "शाब्बास पोरी! काय शोधलंस गं?"

आज दिवसभरात हे विचारणारे ते पहिलेच.